निळ्या चिंधीची गाठ

प्रिय चिमणे,

अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस. फाडलंसच तर सुक्या कचऱ्यात टाक, फिरून माझ्याकडेच येईल. तीन वर्षं आपल्यात एक शब्द नाही. ‘त्याच्याशी लग्न केलंस तर या घराचं दार तुला बंद,’ असं मीच म्हणाले होते. माझ्या जिभेला हाड नाही, हे तू जाणतेसच.

सिमेंटच्या कारखान्यात मी आता कचऱ्याच्या सरकत्या पट्ट्यावर मुकादम झालेय. घराघरातला सुका कचरा बारीक करून कोळशाबरोबर भट्टीत जाळतात. राखसुद्धा सिमेंटमध्येच मुरते. त्याआधी काच, लोखंड, ओलं सगळं आम्ही सहाजणी वेचून काढतो. ओलं आत गेलं की भट्टीची धग उतरते आणि साहेब तापतात. थोडक्यात, लोकांच्या पिशव्यांत नाक खुपसायचा मला पगार मिळतो.

मागच्या वर्षी एका गुरुवारी पट्ट्यावर एक पिशवी आली. निळ्या चिंधीची दुहेरी गाठ, आत दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घातलेल्या. ही शिस्त मी एकाच पोरीला लावली होती, कान धरून. पिशवीवरचा घरनंबर मी पाठ केला. मग दर गुरुवारी तुझी खुशाली कळू लागली. रंगाचे ब्रश आले, म्हटलं घर रंगवलं वाटतं. गोळ्यांची पाकिटं आली, ती औषधवाल्याला दाखवली तर तो म्हणाला, आजी होणार की तुम्ही! पुढे तान्ह्या बाळाच्या दुधाचा डबा आला. डबा लोखंडात टाकला, झाकण मात्र खिशात घातलं. अजून माझ्या उशाखाली आहे. मुलगा की मुलगी, तेवढं कचऱ्यावरून कळत नाही गं.

गेले तीन गुरुवार पिशवीला गाठच नाही, नुसता पीळ. आत ओले डायपर, चहाचा चोथा, उष्टं, सगळा काला. बाकीच्या करवादल्या. मला रडूच फुटलं. तू असं करणारी नव्हेस, म्हणजे तुझे दोन हात पुरत नाहीत. जावई कामावर जात असतील. हो, जावईच म्हणतेय.

नियम असा की तीनदा कचरा मिसळला, तर त्या घराला ताकिदीची लाल चिठ्ठी. ती मलाच लिहावी लागते. आज तुझा नंबर घातला आणि ‘कारण’ या रकान्याशी पेन अडलं. कारण मला ठाऊक होतं. म्हणून चिठ्ठी सारून हे लिहायला बसले. चुकलं माझं, पोरी. येत्या गुरुवारी पिशवीला निळी चिंधी बांध. आत कसलाही राडा असू दे, मी निस्तरीन. चिंधी दिसली की कामाची पाळी संपताच तुझ्या दारात हजर होईन. नाही दिसली, तर लाल चिठ्ठी लिहीन, आणि ती द्यायलाही मीच येईन.

तुझीच,
तोंडाळ आई