फार्दिंगवरचं पाखरू

डडली, १२ डिसेंबर १९६०

प्रिय हेटी,

आजी जिवंत आहे हे विसरलीस, की तिकीट चिकटवायला तोंडात थुंकी उरली नाही? मुलगी झाली, वेळेआधी झाली, साडेतीन पौंडांची आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, जगेल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. हे सगळं मला तुझ्या आईच्या पत्रातून कळावं! शेजारची एडना ते वाचताना दोनदा थांबली. आत्ता मी सांगतेय नि ती लिहितेय. अक्षर गिचमिड असेल तर बोल तिला लाव.

वर्ष संपलं की फार्दिंग बंद होणार. पेनीचा चौथा हिस्सा, कोण विचारतो आता! पण माझं लग्न त्यानेच जमवलं. मी कापडदुकानात पुडकी बांधायचे. तिथे प्रत्येक किंमत पुऱ्या आकड्याहून फार्दिंगभर कमी लावलेली, आणि ते फार्दिंग परत मागितलं की मालक टाचण्यांचं पाकीट द्यायला लावायचा. तुझे आजोबा रुमाल घ्यायला आले नि अडून बसले, टाचण्या नकोत, माझं फार्दिंग द्या. मी म्हटलं, मग उद्या या. मेला रोज यायला लागला. लग्नात त्यांच्याकडे अकरा रुमाल होते, नाक मात्र एकच.

तेव्हा पेनी, अर्धी पेनी, फार्दिंग, सगळ्यांवर तीच ढाल घेतलेली बाई बसलेली. मला वाचता येत नाही, मी आपली बोटांनी आकार चाचपायचे. तू जन्मलीस त्या वर्षी अर्ध्या पेनीवर जहाज आलं नि फार्दिंगवर रेन, शेपटी वर करून उभं असलेलं ते कुंपणातलं एवढंसं पाखरू. मला पहिल्यांदाच नाणं वाचता आलं. तूही मूठभरच होतीस. बाळाच्या मुठीत चांदीचं नाणं ठेवायचं, पण आजोबांनी कोरं फार्दिंग ठेवलं. म्हणाले, हिच्या मापाचं हेच, आणि हे पाखरू ओरडलं की अख्खी गल्ली जागी होते. तू ते सोडेचनास.

हेटी, तुझी आई लिहिते, तू मुलीचं नाव ठेवत नाहीस. आधी जगू दे म्हणतेस. त्यासाठीच एडनाला बसवलंय. तुझ्या आईच्या आधी मला एक मुलगा झाला होता. मीही असंच म्हटलं होतं. नऊ दिवस होता. पंचेचाळीस वर्षं झाली, आठवण येते तेव्हा हाक काय मारावी तेच कळत नाही. नाव ठेवल्यानं कुणी लवकर जात नाही गं. आजच ठेव. काचेला तोंड लावून आधी तिला सांग, मग मला. आणि ख्रिसमसचा केक पाठवू नकोस, दातांत अडकतो. तुमच्या यार्मथचे धुरी दिलेले हेरिंग मासे पाठव, चार. दोन एडनाचे; रडून रडून तिनं कागद भिजवलाय.

तुझीच,
आजी
(फुली माझ्या हातची)