बंद घड्याळांचं घर

३ मार्च
दोन विषय गेले! चिमणीने निकाल दाखवला आणि जेवायला बसली, जसा काही दुसऱ्याच कुणाचा. पहाटेपर्यंत फोन, मग वर्गात डुलक्या. सर म्हणाले म्हणे, "उशी आणत जा सोबत." जूनमध्ये फेरपरीक्षा. त्यात राहिली तर वर्ष गेलं.
शेजारीण हसते — "तुमच्या चिमणीचं घुबड झालंय हो!"
हे असते तर एका शब्दात ऐकली असती. हे नाहीत.

४ मार्च
भांडण. "आई, तू नाही का पुस्तक हातात आलं की भाजी करपवतेस?" खरं आहे. चौथीत शाळा सुटली, वाचायचं वेड नाही सुटलं. पण पुस्तक संपतं गं. त्या फोनला शेवटचं पान कुठे आहे?
शेवटी तीच म्हणाली, "रात्री तूच ठेव. मागितला तरी देऊ नकोस. सकाळी गजर वाजला की उठव."
गजर फोनचाच. हे घड्याळं दुरुस्त करायचे, घरात भिंतभर घड्याळं — पण हे गेल्यापासून मी एकालाही किल्ली दिलेली नाही. हातच होत नाही.

२० मार्च
झोपते! पाठ टेकली की घोरते, बापासारखी.

६ एप्रिल
एवढं आहे तरी काय त्यात, म्हणून फोन उघडला. एक माणूस घड्याळ खोलत होता. तोंड दिसत नाही, बोलत नाही. नुसते हात. चिमट्याने चाक उचलताना करंगळी बाजूला धरतो — हुबेहूब ह्यांच्यासारखी! एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप. उजाडलं ते कळलं नाही.

७ एप्रिल
आजही.

११ मे
गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या! "एवढी जागरणं कसली हो?" शर्ट न्यायला आलेल्या बाईंनी विचारलं. लेकीची परीक्षा, म्हटलं. पुस्तकातली खूण महिनाभर त्याच पानावर. आजपासून बंद.

२ जून
उद्या पेपर. चिमणी रोज अभ्यास करते, चेहऱ्यावर तजेला आलाय. फोन देताना म्हणाली, "गजर लावलाय हं." पाच मिनिटं बघते फक्त —

३ जून
ऊन तोंडावर आलं तेव्हा जाग आली. फोन ठार बंद, चार्जिंग संपलेलं. भिंतभर घड्याळं आणि वेळ सांगायला एक नाही! पोरगी केस न विंचरता धावली. परीक्षेच्या वर्गाचं दार बंद झालं होतं.
परत आली. फोन चार्जिंगला लावून उघडला. पडद्यावर तेच हात.
"मीच गं," म्हटलं. ती त्या हातांकडे बघत राहिली.

४ जून
सकाळी जवळ येऊन बसली. "तो माणूस तुला आपोआप नाही दिसला, आई. बाबा गेल्यापासून मी रोज रात्री त्यालाच बघायचे. म्हणून तो येतो."
मग उठली. मधलं मोठं घड्याळ उतरवलं. किल्ली तिने दिली. काटे मी लावणार होते, पण वाजले किती ते बघायला फोन उघडावासा दोघींनाही वाटला नाही.