स्टरर बंद होता ती वीस मिनिटं

बुधवार, ५ मार्च
काका गेले. सकाळी पावणेसातला दवाखान्यातून फोन. कारखान्यातल्या स्फोटानंतर चार दिवस काढले त्यांनी. मी "बरं" म्हटलं आणि डबा भरायला घेतला. बरं! दुसरा शब्दच सुचला नाही.

गुरुवार, ६ मार्च
रडू येत नाही. नवरा सारखा तोंडाकडे बघतो. "मोकळी हो गं एकदाची." कसं होतात मोकळं?

शुक्रवार, ७ मार्च
कामावर गेले. आमचा विभाग बंद – छताचे पत्रे उडालेत, भिंत पिवळी पडलीय. एकोणीस वर्षं काका या एका भांड्यावर ऑपरेटर होते. मी केमिस्ट म्हणून नवी आले तेव्हा काम त्यांनीच शिकवलं. रंगाच्या कच्च्या मालात आम्ल थेंबथेंब सोडायचं, स्टररने सतत ढवळायचं. प्रत्येक थेंबागणिक उष्णता निघते. भांड्याबाहेरून फिरणारं गार पाणी ती ओढून नेतं. "पोरी, हे भांडं म्हणजे आमचा थोरला मेहुणा. थोडंथोडं बोललं तर गोड. सगळं एकदम काढलंस की संपलं!" केवढे हसलो होतो.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "स्टरर चालू करायच्या आधी त्यांनी कुणाला विचारलं होतं का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. किती सहज आलं तोंडातून.

शनिवार, ८ मार्च
जेवले. कपडे वाळत घातले. झोपले.

सोमवार, १० मार्च
इथे तरी लिहिते. काकांचा फोन मला आला होता.

स्फोट झाला त्या शनिवारी, दुपारी अडीचला. "मॅडम, स्टररची मोटर बसली होती, वीस मिनिटं बंद होता. वायरमनने आत्ता जोडून दिली. चालू करू?"
"तापमान?"
"एकतीस. गारच आहे."
"मग करा की."

मी प्रयोगशाळेत होते. फोन खांद्याला लावलेला, हातात नमुना. मधल्या वेळात आम्ल बंद केलं होतं का – एवढंच विचारायचं होतं. नाही विचारलं. ते चालूच होतं. वीस मिनिटांचं आम्ल मिसळलंच नाही, तसंच साठून राहिलं. म्हणून तर भांडं गार! एरवी पंचेचाळीस असतं. गार पडलं की घाबरायचं, ढवळायचं नाही – ही सूचना मीच भिंतीवर लावलीय. माझ्याच अक्षरात.

स्टरर फिरला आणि सगळं आम्ल एकदम मिसळलं, सगळी उष्णता एकदम निघाली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

कारखान्यातल्या आतल्या फोनची कुठे नोंद होत नाही.

बुधवार, १२ मार्च
कारखाना निरीक्षक आले होते. काकांनी दवाखान्यात दिलेला जबाब वाचून दाखवला. "मी कुणाला विचारलं नाही. मनानेच चालू केला." खाली सही नाही. दोन्ही हात पट्ट्यांत होते.

मला वाचवायला खोटं बोलले. तसल्या अवस्थेत!

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "चला, सुटलो."
मला काहीच वाटलं नाही. खोटं कशाला लिहू – काहीच नाही.

गुरुवार, १३ मार्च
काही नाही.

रविवार, १६ मार्च
काकांच्या घरी जाऊन आले. काकूंनी पाणी दिलं, उलट माझीच चौकशी. "तुला फार मानायचे गं." त्यांची मुलगी दारापर्यंत सोडायला आली. शाळेत शिकवते ती.

"लोक म्हणतात, बाबांनी आगाऊपणा केला. आमचे बाबा, ताई! घरातला दिवासुद्धा आईला विचारून घालवायचे." हसायला गेली, जमलं नाही. "का केलं असेल हो त्यांनी असं?"

मी वाकून चप्पल घालत राहिले. "काळजी घे," म्हणाले आणि जिना उतरले.

मंगळवार, १८ मार्च
निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन लेखी जबाब दिला. साहेबांना आधी सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तिथल्याच पायरीवर बसून काकांच्या मुलीला फोन लावला, सगळं सांगितलं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे बाबांनी विचारलं होतं."

"हो. विचारलं होतं."

तिने फोन ठेवला.