साइटला उजवा प्रसाद

५ जून
गौरेशदादा म्हणतो, साइट नवी कर. आज सुचलं! इतकी वर्षं मीच ओरडत होते.

बाबांच्या समयांच्या दुकानाची ही साइट मी कॉलेजात असताना बांधली. पानाची मांडणी टेबलात टेबल, वर सरकणारी पट्टी. तेव्हा अख्ख्या डिचोलीत कौतुक! आता मोबाइलवर समईचा नुसता बुडखा दिसतो, आणि ब्राउझर वर 'असुरक्षित' लिहितो. लग्नाच्या वेळी दुकानातला हिस्सा लिहून सोडला. साइट तेवढी माझी राहिली — कुणाला नको होती म्हणून.

९ जून
कधी होणार, दादा एवढंच विचारतो. नोकरी सांभाळून पेडण्याहून बसने येते मी. चहा घेणार का, हे कुणी विचारत नाही.

१४ जून
जुना कोड उपसला. टेबलं काढली, फ्रेमा काढल्या. मजकूर वेगळा, सजावट वेगळी — आता असंच करतात.

पान उघडताच घंटा वाजायची. बाबांनी स्वतः दुकानात वाजवलेली, मी टेपवर धरलेली. आता न विचारता आवाज करणारं पान चालत नाही. काढली. रडू आलं. दादाला सांगितलं तर म्हणे, बरं झालं, लोक दचकायचे.

२१ जून
प्रत्येक फोटोमागे वर्णन लिहिलं. ज्यांना दिसत नाही त्यांना ऐकून कळावं म्हणून. 'पाच वातींची समई, वर मोर, मान जरा डावीकडे. घडण यशवंत यांची.'

चंद्रावतीवहिनी म्हणाली, आंधळो मनीस समयो घेता काय? हसू दे तिला. बाबांचं नाव तिथे राहील.

२६ जून
काम झालं. पण दादा म्हणे, आधी देवीचा प्रसाद घेऊया. साइट चालू करायला देवीचा कौल! तरी गेले.

यजमान म्हणून दादा पुढे बसला. भटजींनी मूर्तीला पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं — यजमानाने मनात धरलंय ते करू का, सांग माये. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली.

मी हे काही मानत नाही. पण अंगावर काटा आला. माझं काम बरं आहे असं घरात कुणी कधी म्हटलं नाही, देवीने तरी म्हटलं.

३ जुलै
साइट चालू! वास्कोहून मोराच्या समईला मागणी आली. दादा म्हणाला, बरी केलीस. दिवसभर वेड्यासारखी खूश होते.

८ जुलै
फोंड्याचे एक व्यापारी दुकानात आले होते. दुकान विकत घेतलं त्यांनी. नावासकट, साइटसकट. जुनी साइट असती तर वळूनही बघितलं नसतं, म्हणाले.

ते गेल्यावर दादाने माझ्याकडे पासवर्ड मागितला. हे कधी ठरलं, मी विचारलं.

"देवीन उजवो प्रसाद दिलो," तो म्हणाला, "तुज्या दोळ्यांमुखारच न्हय गो?"