उलट्या पिळाच्या वाती

कार्तिक शु. ६, फसली १३४९. सेलू.
आज दिवेलागणीला आईनं समईतली वात चिमटीत घेऊन पिळली, आणि त्या घडीपासून माझं काही जाग्यावर राहिलेलं नाही. पीळ घट्ट व्हायच्या ऐवजी सुटत गेला. आई पुटपुटली, "कुण्या डावऱ्या हाताची हाय ही." पुडी कुणाकडून घेतली विचारलं. गिरजाकडून. शाळेसाठी विकत होती.
गिरजा उजव्या हातानं लिहिते. मीच शिकवतो तिला. डावरी तिची थोरली बहीण. सु.
सु. श्रावणात गेली.
दिवा जळायलाय. मी त्याच्याकडे पाठ करून लिहितोय.

शु. ७
डोकं ठिकाणावर नाही. दोष कुणाला द्यायचा? शाळेवर पत्रे टाकायला पोरांनी वाती वळून त्रिपुरी पुनवेआधी घरोघर विकाव्यात, ही कल्पना माझी. आईबापांनी हात लावायचा नाही, हा हट्टही माझाच. हेडमास्तर म्हणाले होते, "अहो, लेकरं आहेत. आयांनी चार वळून दिल्या तर काय आभाळ कोसळतं?" मी टेबलावर हात आपटला. सरकारापुढं झोळी नको म्हणून खाजगी शाळा काढली, मग पोरांनी तरी बापाच्या जिवावर का उड्या माराव्यात, वगैरे. हैदराबादला कॉलेज टाकून आलेल्याला दुसरं काही येत नसलं तरी भाषण येतं.
नारायणशेठ आडत्यानं तेच केलं. पोराच्या पुड्या काट्यावर ठेवल्या. कापसाचं माप झालं की गाडीवानाच्या हातात पुडी, पैसे हिशेबातून वळते. करीमभाई गाडीवानानंही मुकाट घेतली. म्हणे, आता चिमणीत घालतो. सगळे हसले. मी मात्र भरल्या वर्गात फळ्यावरच्या विक्रीच्या यादीतून शेठच्या पोराचं नाव पुसलं. पोरगं रडलं. मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं.

शु. ८
संध्याकाळी गावातून एक चक्कर. जायला नको होतं. मारुतीच्या पारापासून स्टेशनच्या रस्त्यापर्यंत घराघरांत दिवे. गिरजा कुठल्या दारी गेली नसेल? कुणाच्या तुळशीपाशी, कुणाच्या देवळीत, एका ठिकाणी तर गोठ्यात. ज्या बोटांना मी कधी...
जाऊ दे.
एका ओसरीवर म्हातारीनं फुंकर मारून दिवा मालवला. मी "अहो, नका" म्हणालो. ती बघतच राहिली. "कोन रे तू?" पळालो.

शु. १०
गिरजाला विचारलंच. लपवाछपवी नाही पोरीच्या अंगात. "आईनं दिल्या, ताईच्या टोपल्यातल्या."
आता कळलं. सु. बरी व्हावी म्हणून काकूंनी, म्हणजे तिच्या आईनं, महादेवाला लक्षवात बोलली होती. बिछान्यावर बसून सु. स्वतःच वळायची. देवानं ऐकलं नाही. नवस फळला नाही तर देवळात जाळायच्या कशा? तिच्या हातच्या, तर फेकायच्या कशा? टोपलं तसंच आढ्याला टांगलेलं. त्यात शाळेनं पोरांना वाती मागितल्या.
मी मागितल्या.

शु. ११
शेठ शाळेत आले. आवाज चढवला नाही, हेच वाईट. "मास्तर, येवढ्या वाती त्या चिमुरडीनं वळल्या व्हय? आमच्या लेकराला बापानं हात दिला तर गुन्हा, अन् तिला आईनं दिला तर पुण्य? लय न्यारा कायदा हाय तुमचा."
हेडमास्तरांनी चतुर्दशीला सगळ्या पालकांना बोलावलंय. गिरजाच्या वाती कुणाच्या, ते मी उभं राहून सांगायचं. नियम माझा, निवाडाही माझा.
गिरजानंच वळल्या म्हणालो, तर शेठच्या पोराला फुकट रडवलं. सु.नं वळल्या म्हणालो, तर पहिलाच सवाल, तुला कसं ठाऊक? मेलेल्या पोरीचा पीळ परक्या जातीच्या पोराला ओळखू येतो, हे सेलूत एकदा बोललं की गाव पुढचं स्वतः रचील. तिला उत्तर देता यायचं नाही.
झोप नाही. डोळा लागला की हाताला कापूस लागतो.

शु. १३
संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. अण्णा, म्हणजे सु.चे वडील, आतल्या खोलीत पूजेला बसलेले. काकू चुलीपाशी. उद्याच्या बैठकीचं सगळं सांगितलं. खोटं बोलायचं ठरवलंय, गिरजानंच वळल्या असं म्हणतो, तुम्ही घोर करू नका, असंही सांगितलं. वाटलं, त्यांना हायसं वाटेल.
काकू भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, "काहून खोटं बोलतोस?"
मी म्हणालो, तिचं नाव निघेल.
"निघू दे की. ह्या घरात कुणी घेईना झालंय. ह्यांनी बंदीच घातलीय. मी लेकराला टोपलं काय शाळेसाठी दिलं का रे? तिच्या हातचं घरोघर जळावं म्हणून दिलं."
लोक विचारतील, मला कसं कळलं, एवढंच म्हणालो.
त्यांनी तव्यावर भाकरी टाकली. आवाज अगदी खाली. "लांब वात एकटीला वळता येत न्हाई. दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. कोण धरायचं, ते मी कधी विचारलं का तुला?"
आत अण्णांची घंटा थांबली. "कोण आलंय?" त्यांनी विचारलं.
काकू माझ्याकडे बघत होत्या. उत्तर मी द्यायचं होतं.
मी उठलो, ओसरीवर आलो आणि बाहेरून दार ओढून घेतलं.