डेन्व्हरची विरळ हवा

प्रिय व्हर्ना,

मी बरा आहे, गुडघाही गप्प आहे. कालच्या बेसबॉल सामन्यात आपल्या ड्वाइटच्या चेंडूंवर सहा धावा निघाल्या, म्हणजे फारच. पेपर वाचून रडू नकोस. इथली हवा विरळ, चेंडू लांब उडतो.

मी प्रशिक्षकाला गाठलं. "पोराला काढणार का हो?"

"हार्लनकाका, इथे दोन्ही संघ धावा लुटतात. आमच्याच बाहेरगावच्या सामन्यांत तेवढ्या होत नाहीत. त्या फरकाची सूट त्याला मिळते, सहा दिल्या तरी आम्ही कमीच धरतो."

माझा जीव भांड्यात पडला. तर म्हणतो, "शनिवारी सिॲटलला मात्र उलटं. तिथे धावा कमीच होतात. सहा दिल्या तर आम्ही आठ धरू."

तेव्हापासून घास उतरत नाही. कोंबड्या अंडी देतात ना? शनिवारी रेडिओ लावू नकोस, मीच फोन करीन. फोन नाही आला, तर ड्वाइटची खोली झाडून ठेव.

तुझाच,
हार्लन