बाबांचा डावा पाय

मी, लतिका शांताराम भोईर, वय ६७, व्यवसाय चित्रे काढणे, मूळ गाव जूचंद्र, सध्या राहणार चंदनसार, विरार पूर्व, दुसरा मजला, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि सकाळचा चहा पिऊन झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणू पाहणारे आजवर थकून घरी गेले. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी आजचा वार विचारला, तो मी सांगितला आणि बोलता बोलता त्यांचं चित्रही काढून दिलं. नाक जरा मोठं आलं, पण ते त्यांचंच आहे.

१. राहता फ्लॅट माझ्या स्वकष्टार्जित पैशांतून घेतलेला आहे. लग्नपत्रिका, गोष्टींच्या पुस्तकांतली चित्रं आणि हाताने केलेले दिवाळीचे कंदील यांवर त्याचे हप्ते फिटले. तो माझी भाची रोशनी हिला द्यावा. बँकेतली शिल्लकही तिलाच. रोशनी ही माझे थोरले बंधू श्रीपत यांची मुलगी. तिच्या बापाशी माझं अकरा वर्षं बोलणं नाही. पण ही पोरगी दर महिन्याला "आत्या, आहेस ना गं?" असं जिन्यातूनच ओरडत येते आणि येताना घरचे तांदूळ आणते. ते कोण पाठवतं हे मी कधी विचारलं नाही. मला ठाऊक आहे.

२. छपाईचं हाताने फिरवायचं यंत्र, शाईचे रूळ आणि लाकूड कोरायच्या सगळ्या छिन्न्या जीना डिमेलो हिला. जीना वसईची, पंधरा वर्षं माझ्यासोबत छापते आणि माझ्यापेक्षा बरं छापते, हे तिला आत्ताच सांगू नये. मोठी छिन्नी तिने एकदा नारळ फोडायला घेतली होती. मी ते विसरलेले नाही.

३. सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्रराव यांना "जिन्यात थुंकू नये" हा लाकडी ठसा. तो मी त्यांच्याच विनंतीवरून फुकट कोरला होता. आठ दिवसांत त्यांनी माझी छापलेली पाटी काढून तिथे स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स लावला. लोक आता फ्लेक्सवर थुंकतात. ठसा खुशाल घ्या, माझी काही तक्रार नाही.

४. आता मुद्द्याचं. हाताने काढलेल्या चित्रांची माझी सहा मिनिटांची फिल्म, मूळ कागदांच्या पेट्यांसकट, रोशनीला. मात्र त्याआधी एक दुरुस्ती व्हायची आहे.

फिल्मच्या शेवटी आमचे बाबा खांद्यावर फावडं घेऊन मिठागराच्या बांधावरून समोर चालत येतात. ही चाल ३१२ कागदांवर आहे. बाबांचा एक पाय अधू होता. ते लंगडणं जमावं म्हणून मी कपाटाच्या आरशासमोर, खांद्यावर झाडू घेऊन, त्यांच्यासारखी चालायचे आणि आरशात दिसेल ते कागदावर उतरवायचे. ॲनिमेशनवाले असंच करतात. २०१४ साली जूचंद्रच्या हॉलमध्ये गावाला फिल्म दाखवली. टाळ्या चालू होत्या आणि दादा उठून म्हणाला, "यो आपला बापूस नाय. बापूस डाव्या पायानं लंगडायचा. यो कोन दुसराच हाय!"

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "चित्रातलं तुला काय कळतं? तू भाताचे भारे मोज." हॉल हसला. दादा चप्पल घालून निघून गेला. पुढे ना तो माझ्या दारात आला, ना मी त्याच्या.

यंदा श्रावणात माझा डावा गुडघा गेला. त्याच कपाटासमोरून लंगडत चालले होते. हातात पेन्सिल होतीच, आरशातल्या बाईचं चित्र काढलं. कागदावरची बाई उजव्या पायाने लंगडत होती! मी कपाळावर हात मारून घेतला. ठशातलं डावं छापल्यावर उजवं होतं, हे आयुष्यभर लोकांना शिकवलं आणि स्वतःच्या बापाचा पाय मात्र आरशात चुकले.

दादा, तुझं बरोबर होतं. मी ते बोलायला नको होतं. मला त्याची लाज वाटते आणि तुझी फार आठवण येते.

उपाय सोपा आहे. कागद पातळ आहेत. खाली दिवा लावून उलटे ठेवले की रेघ मागूनही स्वच्छ दिसते. पाय डावा होतो आणि फावडंही बाबांच्या उजव्या खांद्यावर जातं. बांध आणि आभाळ वेगळ्या कागदांवर आहेत, त्यांना हात लावायला नको. एकेक कागद उलटून पुन्हा कॅमेऱ्याखाली ठेवायचा. काम दोघांचं आहे. कॅमेरा मी सांभाळीन, पण कागद उलटणारा बाबांची चाल ओळखणारा हवा. असा माणूस आता एकच उरला आहे.

५. श्रीपत शांताराम भोईर यांना मी काहीही ठेवलेलं नाही. दादा, लगेच तोंड फिरवू नकोस. ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील विनिताताई म्हणतात, आणि साक्षीदार मला तूच हवास. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, हेही त्या म्हणतात. पण तू गॅसच्या पावतीवरसुद्धा वाचल्याशिवाय सही करत नाहीस. माझी सगळी भिस्त त्यावरच आहे.

सही मी साक्षीदारांसमोर करायची आणि त्यांनी माझ्यासमोर. म्हणजे तुला दोन जिने चढून माझ्या घरी यावं लागेल. तुझी जागा दुसऱ्या कोणी भरायची नाही. ती मोकळी राहिली तर हा कागद रद्दीत जाईल आणि कायद्याने सगळं तुझ्याच गळ्यात पडेल, जितेंद्ररावांच्या ठशासकट. रोशनी या मजकुराची नक्कल घेऊन तुझ्याकडे येत आहे. रविवारी अकरा वाजता पोहे आहेत.

६. या सगळ्याची अंमलबजावणी विनिताताईंनी करावी. मी गेल्यावर रडणाऱ्यांनी आधी शाईचे हात धुवावेत, कपाटाला डाग पडतात.

हे सर्व मी स्वतः लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही. जो घ्यायचा होता तो वर घेतला आहे.

ठिकाण: चंदनसार, विरार पूर्व
दिनांक: रविवार, १६ नोव्हेंबर २०२५
(आधीची ९ तारीख मीच खोडली आहे. त्या दिवशीचे पोहे जीना आणि तळमजल्यावरच्या क्लिफर्डने संपवले. ल. भो.)

सही: लतिका शांताराम भोईर

साक्षीदार १: क्लिफर्ड रॉड्रिग्ज, तळमजला, फोटो फ्रेमचे दुकान. दोन्ही रविवारी हजर होतो.

साक्षीदार २: श्रीपत शांताराम भोईर, जूचंद्र. सगळं वाचलं, मग सही केली. चाळीस कागद उलटे करून बघितले. पाय आता बरोबर हाय. पन बापूस इतका सावकाश चालत नव्हता, हे लतिकाला सांगितलं. ती भांडली. बाकीच्या कागदांसाठी पुढच्या रविवारी येतो.